प्लायच्या भिंतीपलीकडे

“पुतळे, नानावर मागायची पाळी आणू नको. त्याने मागायच्या आधी तू पोच.”

प्राण सोडताना लवू, त्यांचा नवरा, एवढंच बोलला होता. पुतळाबाईंना ते आज कॉम्प्युटरसमोर बसल्यावर आठवलं, का कोण जाणे.

पडद्यावर वेळ सरत होती. गाडीच्या दारात बसणाऱ्या रबरी बुशची वर्षभराची ऑर्डर होती. पूर्वी कंपनीचे साहेब लालबागच्या या गाळ्यात येऊन, चहा घेत भाव ठरवायचे. यंदापासून सगळं नेटवर. जो सर्वांत खाली उतरेल, त्याला काम. समोरच्याचं नाव दिसत नाही, नुसता भाव दिसतो.

“मावशी, मेला परत उतरला!” बटणं दाबणारी शेवंता म्हणाली. “खातो काय हा, रबर?”

“अजून थोडं उतर.”

शेवंताने भाव टाकला. तेवढ्यात प्लायच्या भिंतीपलीकडून, नानाच्या गाळ्यातून, हलकेच ऐकू आलं, “देवा म्हाराजा!” आणि पडद्यावरचा भाव खाली गेला.

पुतळाबाईंनी भिंतीकडे पाहिलं. नाना रबर दाबायच्या प्रेसचा दांडा ओढण्याआधी असंच म्हणायचा. पण त्याचा प्रेस तर दिवाळीपासून बंद होता.

सकाळीच तो उपासाची केळी घेऊन आला होता. “मी काय ह्यात उतरत नाय, वैनी. तुम्ही कुठवर जाल?” त्यांनी आपला शेवटचा भाव सरळ सांगून टाकला होता. त्याच्याखाली गेलं तर शेवंताचा पगार निघत नव्हता. आणि नानापासून काय लपवायचं? गिरणीच्या संपात लवू आणि तो, दोघेही घरी बसलेले. तरी गावाहून आलेल्या तांदळातला अर्धा नाना त्यांच्या दारात ठेवून जायचा. कधी मागावा लागला नाही.

“शेवटचा भाव टाक,” त्या म्हणाल्या.

“देवा म्हाराजा!”

पाच पैशांनी ऑर्डर गेली.

शेवंताचे डोळे भरले. “नानाच ना हा? माझ्या पोटावर पाय दिलान! पण बुश काढणार कशात? साचा तर लवूकाकांचा, आपल्याकडे. येऊ दे नाक घासत, बघतेच मी.”

पुतळाबाई उठल्या. केळी तशीच पडली होती. फडताळातून त्यांनी लवूने घडवलेला पोलादी साचा काढला, पुसला, कपाळाला लावला.

“मावशी, कुठे निघालात?”

त्यांनी चपला पायात सरकवल्या.

“तो मागायला यायच्या आधी,” त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या दाराकडे निघाल्या.