पाण्याची नळी

पडद्यावर दोन रेघा पुढे सरकत होत्या. एक लंगडीच्या नमुन्याची, दुसरी साध्या पाण्याची. नळीत विषाणू असला की रेघ वर चढते. धाकटीने खुर्ची ओढली खरी, पण तिला बसवेना. पाण्याच्या रेघेने आडवंच राहायला हवं होतं. पाण्याला कसला आलाय रोग?

लंगडी म्हणजे अभयारण्यातली लांडगी. तिची आई मेली तेव्हा धाकटीच्या दादाने, तिथल्या जनावरांच्या डॉक्टरने, तिला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं आणि मोठी झाल्यावर डोळे पुसत रानात सोडलं होतं. रानात साथ शिरली आहे का, हे पाहायला तो अधूनमधून जनावरं पिंजऱ्यात धरी, नाकातला नमुना बहिणीच्या प्रयोगशाळेत पाठवी आणि जनावर सोडून देई. या वेळी पिंजऱ्यात नेमकी लंगडी सापडली, आणि सकाळी तिच्याच नमुन्यात विषाणू निघाला. त्यावर औषध नव्हतं. संध्याकाळी कळप पिंजऱ्याभोवती जमला, गजांतून तिला चाटू लागला, की सगळा कळपच हातचा जाणार. म्हणून नियम ठरलेला होता. अंधार पडायच्या आत कायमचं झोपवणारी सुई.

एरवी धाकटी प्रत्येक खेपेला नमुन्यांशेजारी पाण्याची एक नळी लावायची. तपासणीची औषधं नासली असली, हात चुकला असला, की पाणी बरोबर चुगली करतं. दादा त्यावरून तिची यथेच्छ टिंगल करी. "ही माझी बहीण, पाण्याचा ताप बघते," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. आज मात्र तो सकाळपासून फोनवरून तिच्या डोक्यावर बसला होता. "आटप गं लवकर. डोकं आपटून घेतेय ती, मला बघवत नाही." त्या घाईत, एकदाच, तिने पाण्याची नळी लावली नाही. दुपारी टेबल आवरताना ती नळी कोरडीच उभी दिसली आणि तिने लंगडीचा उरलेला नमुना पुन्हा बाहेर काढला.

म्हणून ही दुसरी खेप. दादाला उगाच आशा लावायला नको, म्हणून तिने त्याला कळवलं नव्हतं. पाण्यात सकाळचीच औषधं घातली होती. लंगडीच्या नमुन्यासाठी नवी बाटली फोडली होती.

पाण्याची रेघ जरा हलली. मग सरळ चढतच गेली. लंगडीची आडवी होती, ती शेवटपर्यंत आडवीच राहिली. विषाणू लंगडीच्या नाकात नव्हताच. तो सकाळच्या बाटलीत होता, कधीतरी कुठल्या जुन्या नमुन्याचा थेंब उडून पडलेला.

तिने दादाला फोन लावला. तो उचलला फाटकावरच्या पहारेकऱ्याने.

"ताई, साहेबांचा फोन माझ्या खणात आहे. पिंजऱ्याकडे जाताना फोन नेत नाहीत ना, जनावर बिचकतं."

"काका, पळत जा! थांबवा त्याला! सुई देऊ नको म्हणावं, लंगडी ठणठणीत आहे!"

तिने स्कूटर काढली. खाचखळग्यांतून ती कशी गेली हे तिचं तिलाच कळलं नाही. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं. पिंजरा दिसला. दार सताड उघडं होतं, आत कुणी नव्हतं. सोडलं! तिच्या जिवात जीव आला.

मग तिला पहारेकरी दिसला. तो झाडाला धरून धापा टाकत होता आणि तिच्याकडे बघायला तयार नव्हता. झाडापलीकडे दादा जमिनीवर बसला होता. त्याच्या पुढ्यात घोंगडी पांघरलेलं काहीतरी होतं.

"तू कशाला आलीस गं?" दादाने बाहीने तोंड पुसलं. "काही त्रास झाला नाही तिला. माझ्या मांडीवर डोकं ठेवूनच गेली. ओळखलं तिने मला."

धाकटीने घोंगडीची कड सारखी केली. पहारेकऱ्यालाही सांगायचं धाडस झालं नव्हतं, हे तिला कळलं.

दादाने तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"बरं झालं, तपासणी तुझी होती," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाची असती ना, तर मी पुन्हा करायला लावली असती."