दोन बोटं कमी

थान वानछुन. त्यांचा मुलगा थान बाओशान. त्यांचा मुलगा थान शौये. या तिघांनंतर छांगचौच्या झुंजीच्या चौथऱ्यावर चढणारा चौथा थान म्हणजे छिंगहो, आणि आपलं नाव पुकारलं जाण्याची वाट पाहत तो अग्निदेवाच्या देवळामागे उकिडवा बसला होता.

पणजोबा वानछुन यांनी याच चौथऱ्यावर एका दुपारी मिआओ घराण्यातल्या तिघांचे उजवे हात मोडले होते. आधी बाप पडला. त्याच्यासाठी दोन्ही मुलं एकामागून एक वर चढली, म्हणून तीन. मिआओंची तालीम त्या दिवशी बंद पडली. पुढे वीस वर्षांनी ती पुन्हा उभी राहिली, ती थानांच्या वाइटावरच. आजोबांचा उजवा हात मिआओंनी मोडला. ते मरेपर्यंत डाव्या हातानं जेवले. बाबांचाही मोडला; ते अजून डाव्या हातानंच जेवत होते. आता घरच्या विहिरीचं पाणी ओढू शकणारा एकच पुरुषाचा हात उरला होता.

"दाखव," आजी म्हणाली.

आजी बहात्तर वर्षांची होती आणि काठीशिवाय उभी होती. थानांची विद्या घराबाहेर जात नसे. ती मुलींना शिकवत नसत, कारण मुली परक्या घरी जातात. सुनांना शिकवत, कारण सुना घरातच राहतात. पणजोबा मालाच्या काफिल्यांचे राखणदार होते, वर्षाचे दहा महिने रस्त्यावर असत. म्हणून चारचौघांप्रमाणे त्यांनीही आपल्या आठ वर्षांच्या मुलाला अठरा वर्षांची थोराड बायको करून आणली. मुलगी पोरकी होती, कालव्यापलीकडे मावशीनं वाढवलेली. सगळे डाव त्यांनी सुनेला दिले आणि बजावलं, की पोर मोठं झालं की तूच शिकव. दोन वर्षांनी ते काफिल्याबरोबर असतानाच वारले. तेव्हापासून थानांची विद्या म्हणजे आजी. नवऱ्याला तिनंच घडवलं, मग मुलाला, मग नातवाला.

छिंगहोनं उजवा तळवा पुढे फेकला. कोपर बरगडीपासून सुटून खांद्याच्या रेषेत आलं.

"आणखी वर."

"आजी, परवा दिंग कसायानं भिंतीवरून पाहिलं आणि हसला. म्हणाला, कोंबड्यासारखा पंख काय फडफडवतोस? सगळं जग कोपर बरगडीला चिकटवून ठेवतं."

"दिंग डुकरं कापतो. उरलेल्या वेळात गुरू झाला वाटतं?"

बाबा मोठ्यानं हसले. "तिचं ऐक, पोरा. माझं कोपर दोन बोटं कमी पडलं, म्हणून हात गेला. तुझ्या आजोबांचंही तसंच झालं होतं. आईनं दोघांनाही हात मोडला त्याच दिवशी सांगितलं होतं."

"दोन बोटं," आजी शांतपणे म्हणाली. "मी शिकवलं तेवढं वर नेलं असतंस, तर आज तुझी भाकरी तोडायला बायको लागली नसती."

बाबांनी मान खाली घातली.

"आणि मी चढलोच नाही तर?" छिंगहोनं विचारलं.

आजीनं त्याच्या कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट आवळला. "चोपन्न वर्षं मी या घरात एका फेडीसाठी जगले आहे. तू चढणार आहेस."

पंचांनी कागद पुढे केला: हात मोडो वा जीव जावो, कोणाची तक्रार नाही. छिंगहोनं अंगठा उमटवला. त्याच्यानंतर मिआओ छांगलूनं.

"हात नीट बघून घे रे," छांगलू म्हणाला. "उद्या तुझा तुलाच ओळखू येणार नाही."

"तुझ्या आजोबांना विचार, थानांचा हात कसा असतो ते."

छांगलूचे आजोबा पहिल्याच बाकावर बसले होते. उजवी बाही मेल्यासारखी लोंबत होती. डाव्या हातानं ते चहाचा वाडगा तोंडाला लावत होते. पणजोबांनी हात मोडलेल्या तिघांपैकी तेवढेच मागे उरले होते. त्यांची नजर छिंगहोच्या चेहऱ्यावर नव्हती, कोपरावर होती. आजी समोरून गेली तेव्हा तिनं मान किंचित लववली. वैऱ्याचाही मान राखणारी बाई, असं लोक कौतुकानं कुजबुजले.

पहिल्या झटापटीत छिंगहोचा तळवा छांगलूच्या छातीवर बसला आणि तो तीन पावलं मागे गेला. गर्दी ओरडली. बाबा डावी मूठ हवेत नाचवत होते. छिंगहोला वाटलं, जमतंय.

"उचल!" आजीचा आवाज आला.

त्यानं उचललं. बाबांनी कधी नेलं नसेल इतकं वर. पुरती दोन बोटं वर. छांगलूनं तो हात अडवलाच नाही. तो आधीच खाली सरकून कोपराखाली येऊन थांबला होता, ठरलेल्या जागी कोणी वाट पाहावी तसा. ओला बांबू मोडावा तसा आवाज झाला.

फळ्यांवर गाल टेकवून छिंगहो पडला होता. बाबा रांगत त्याच्यापर्यंत आले.

"कोपर किती होतं? दोन बोटं कमी पडलं का रे?"

"नाही, बाबा. पुरतं वर होतं."

मग दोघंही एकाच वेळी आजीला शोधू लागले.

आजी चौथऱ्याकडे येत नव्हती. ती पहिल्या बाकापाशी गेली. या घरात आल्यापासून जिनं कोणापुढे गुडघा टेकला नव्हता, ती बाई म्हाताऱ्या मिआओंपुढे धुळीत दोन्ही गुडघे टेकून बसली. त्यांची लोंबती बाही तिनं कपाळाला लावली.

"दादा," ती म्हणाली, "आपल्या बाबांचा, तुमचा आणि धाकट्याचा. तिन्ही हात फिटले."