दुभाषीच्या तोंडून

“देव प्रत्येकाला क्षमा करतो,” पाद्री म्हणाला आणि थांबला. आता दुभाषीने ते कामगारांना त्यांच्या भाषेत सांगायचं होतं.

ती म्हणाली, “पाद्री म्हणतोय, मी एका बाईचा जीव घेतलाय.”

लॉन्ड्रीच्या इस्त्रीखान्यात जेवणाची सुट्टी होती. उलट्या टोपल्यांवर बसून पंधराएक जण जेवत होते आणि जेवता जेवता पाद्र्याची टर उडवत होते. “तुझ्या देवाला म्हणावं, एक दिवस माझ्या जागी ये. या वाफेत उभा राहिलास की नरकाच्या गोष्टी सांगायला तोंड उरणार नाही!” असं आत्ताच मिरचीने सुनावलं होतं. मिरची म्हणजे चादरींच्या घड्या घालणारी बाई, नावाप्रमाणे तोंडाने तिखट. सगळे खो खो हसले होते. दुभाषीचं वाक्य ऐकलं मात्र, हातातले घास हातातच राहिले.

पाद्री परमुलखातून आलेला. इथल्या भाषेतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. लोक गप्प झाले म्हणजे आपलं बोलणं पोचलं, असं समजून तो भाबडेपणाने मान डोलवत होता. डोलव बाबा, डोलव, दुभाषी मनात म्हणाली.

तीन आठवडे तिने त्याचं एकेक वाक्य इमानाने सांगितलं होतं. पोटातलं ओठावर येऊ दिलं नव्हतं. पण ओळखलं होतं पहिल्याच दिवशी. दाढी पिकली होती, आवाज तोच होता. ती नऊ वर्षांची असताना हाच आवाज तिच्या आईच्या खाटेशी बसून बोलला होता. दुभाषी तेव्हा दुसरा होता. “श्रद्धा आहे ना? मग सुई कशाला?” आईला मधुमेह होता. तिने इन्सुलिन बंद केलं आणि आठ दिवसांत गेली. तोवर पाद्री पुढच्या गावी पोचलासुद्धा होता.

मिशनची ही नोकरी तिने पगारासाठी धरलीच नव्हती. आजची जागाही तिनेच निवडली होती. इथला मुकादम अंगाने दांडगा, डोक्याने तापट, आणि त्याची बायको रोज त्याच सुयांवर जगत होती. तेवढी माहिती तिने आधीच काढून ठेवली होती.

पाद्री प्रेमाबद्दल बोलत राहिला आणि ती सांगत राहिली, “तिला साखरेचा आजार होता. मी म्हणालो, इंजेक्शनं फेकून दे, प्रार्थना कर. ती मेली. मी मागे वळूनही पाहिलं नाही.”

मुकादम डबा बाजूला ठेवून उठला. “कोण होती ती बाई? विचार त्याला.”

तिला काहीही ठोकून देता आलं असतं. पण तिला त्याचा चेहरा बघायचा होता. कोरा, बावळट चेहरा. आई मेली आणि याच्या गावीही नाही, हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. ती पाद्र्याला त्याच्या भाषेत म्हणाली, “हे विचारतायत, तुम्ही जिचं इन्सुलिन बंद करायला लावलंत, ती बाई कोण होती?”

पाद्र्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने इस्त्रीच्या टेबलाची कड धरली.

“यांना कसं कळलं?” तो पुटपुटला. “ताई, ती घरी बसून शर्टांना काजं-बटणं करायची. तिची एक लहान मुलगी होती. मी तेव्हा पंचविशीतला अर्धवट पोरगा. स्वतःला देवाचा उजवा हात समजत होतो. ती गेल्याचं मला मागाहून कळलं. तेव्हापासून गावोगाव क्षमेवर बोलतोय, पण हे सांगायची छाती झाली नाही. त्या मुलीला शोधायलाच मी परत आलोय. सांगा यांना. सगळं सांगा. मग काय करायचं ते करू देत.”

म्हणजे मेल्याला आठवत होतं! सव्वीस वर्षं आठवत होतं. क्षणभर दुभाषीला वाटलं, सांगावं, ती मुलगी मीच. मग तिला पाणी पाणी करणारी आई आठवली आणि अंगाचा तिळपापड झाला. कबुली देऊन मोकळं व्हायचंय होय? माझ्या आईने तुझं काय घोडं मारलं होतं रे? तुझी कबुली तुझ्याच घशात सडू दे.

ती मुकादमाकडे वळली. “म्हणतो, आठवत नाही.”

मग काय विचारता! मुकादमाने त्याची गचांडी धरली. मिरचीने मळक्या पाण्याची बादली त्याच्यावर ओतली. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने फेकलं. पाद्र्याने वार चुकवायलासुद्धा हात वर केला नाही. शेवटी चौघांनी उचलून त्याला रस्त्यावर टाकला आणि दार लावून घेतलं.

डोळे भरून बघावं म्हणून दुभाषी मागच्या दाराने निघून वळसा घालून रस्त्यावर आली. पाद्री पायरीवर बसून ओठाचं रक्त पुसत होता.

“सगळं सांगितलंत ना?” त्याने विचारलं.

“सगळं,” ती म्हणाली.

तो फुटक्या ओठांनी हसला. “तुमचे उपकार कसे फेडू, ताई? सव्वीस वर्षांनी आज मला झोप लागेल.”