वडाखालचा थांबा
रघुनाथरावांची मोटार इतकी जुनी, की तिच्या भोंग्याला हुगळीवरची आगबोट ओ द्यायची. दर दसऱ्याला श्यामलाबाई पूजा करून रेडिएटरमध्ये तांब्याभर गंगाजल ओतत. “अगं, गढूळ पाण्यानं गंज चढतो, पावसाचं पाणी हवं!” रघुनाथराव करवादत. “गंगेनं सगराची साठ हजार पोरं तारली, तुमची एक मोटार जड झाली होय?” मग बराकपूरच्या वाटेवर मोटार हमखास उकळे, आणि ती निवेपर्यंत दोघं वडाखाली भांडत लाडू खात. यंदा श्रावणात श्यामलाबाई गेल्या. रघुनाथरावांनी गंज धुऊन काढला, पावसाचं पाणी भरलं. दसऱ्याला मोटार वाऱ्यासारखी धावली. तरी वड येताच त्यांनी ती थांबवली, बॉनेट उघडलं आणि सावलीत बैठक मारली. एका वाटसरूनं रेडिएटरला हात लावला. “दादा, ही तर गार आहे!” “छे, चांगली तापलीय! तासभर निघता यायचं नाही.”