नखाएवढं घर

त्या शनिवारी आप्पा सूक्ष्मदर्शकावर वाकून भीमेत सापडलेल्या नव्या कॅडिसमाशीचं वर्णन लिहीत होते. तिची अळी वाळूचे कण चिकटवून अंगाभोवती घर बांधते. तसं नखाएवढं घर माझ्या तळहातावर ठेवत म्हणाले, "उद्या नदीतून कोष आणतो. नर निघाला, की नाव देता येईल." "माशीलाही नराशिवाय नाव नाही, आप्पा?" ते हसले. रविवारी ते नेहमीच्या गुडघाभर पाण्यात उतरले आणि बुडाले. दशक्रियेला दौंडच्या घाटावर भाषणं झाली. वाळूचा ठेका चालवणारे मामा माईकवर रडले, "दाजींना नदीनं नेलं. नशिबापुढं कुणाचं चालतंय?" खरं ठाऊक असणाऱ्यांनीही माना डोलावल्या. आईनं माझा हात दाबला. तिला माहेर एवढंच उरलं होतं. मी हात सोडवून माईक घेतला. "नदीनं नाही नेलं त्यांना, मामा. आप्पा बुडाले ते तुमच्या पोकलेननं खणलेल्या खड्ड्यात."