मापभर तांदूळ

"आई, आपलं पितळी माप शिगोशीग भरलं, तर किती ग्रॅम तांदूळ बसतात?"

निनादशी घटस्फोट होऊन वर्ष झालं, तरी फोनवर तोंडातून 'आई'च आलं. सासूबाईंनी ते चालवून घेतलं.

माझ्या नव्या ओट्यावर वजनकाटा होता, माप नव्हतं. आणि मसालेभात मला एकाच हिशोबाने येतो: त्या मापाला दोन चमचे गोडा मसाला, दीड चमचा मीठ. लग्नाच्या दिवशी तेच माप पायाने लवंडून मी त्या घरात शिरले होते आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानेच भाताचे तांदूळ घेत होते. वजन करून बघायची कधी वेळच आली नाही.

"थांब, सांगते," म्हणाल्या आणि लगेच परत आल्या. "काट्यावर ओतून पाहिले. चारशे वीस."

"इतक्यात भरलंतसुद्धा?"

मागे कोणीतरी औक्षणाचं ताट मागत होतं.

"भरलेलंच होतं गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "उंबरठ्यावर ठेवलं होतं. आज निनादचं लग्न झालं. आत्ता येतीलच दोघं."

"बरं," मी म्हणाले. मला काही वाटलं नाही, निदान काय वाटतंय ते कळलं नाही. "मग परत शिगोशीग भरून ठेवा."

फोन ठेवून मी चारशे वीस ग्रॅम तांदूळ मोजले, धुतले, मसाला-मीठ घातलं आणि कुकर लावला.

ते माप चार माणसांचं होतं, हे मला तिसऱ्या शिट्टीला आठवलं.