गिटार विकणे आहे

"आधी वाजवून बघा, मग बोलू," बाई म्हणाल्या आणि त्यांनी गिटार दंतवैद्यांच्या मांडीवर ठेवली.

दंतवैद्यांनी ती लगेच वाजवली नाही. आ करून बसलेल्या पेशंटकडे बघावं तशी ते ती निरखत राहिले. पन्नास-साठ वर्षांपूर्वी बोटीतून आलेली परदेशी इलेक्ट्रिक गिटार. मधाचा रंग, कडांकडे काळपट होत गेलेला. पॉलिशला केसासारखे बारीक तडे. वाजवणाऱ्याचा हात टेकतो तिथला रंग घासून घासून आतलं लाकूड उघडं पडलेलं. अशीच एक त्यांनी कॉलेजात असताना दुकानाच्या काचेआड पाहिली होती, आणि मग सगळी हयात लोकांचे दात कोरण्यात गेली. गेल्या वर्षी त्यांनी शिकवणी लावली तेव्हा बायको म्हणाली होती, "उतारवयात आता एवढंच राहिलं होतं." हौसेला मोल नसतं हे तिला दाखवून द्यायला ते आज दवाखाना बंद ठेवून आले होते.

"तारा नव्या दिसतायत," ते म्हणाले.

"मीच बदलून आणते. गंजलेल्या तारांना कोण हात लावेल?"

भिंतीवर एका तरुणाचा फोटो होता. भोवती गिटार घेतलेली पाच-सहा मुलं, आणि मधे तो, बोट उगारून कुणाला तरी हसत हसत दटावणारा.

"माझा मुलगा," बाई म्हणाल्या. "शिकवायचा."

दंतवैद्यांनी पुढे विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काय होतं? आतल्या खोलीच्या दाराला पडदा होता आणि त्यामागे कसलासा पंप घर्र घर्र करत होता. घरात स्पिरिटचा वास होता, पण तो आपल्याच हातांचा असेल असं त्यांना वाटलं.

बाईंनी अँप्लिफायर ओढत नेऊन पडद्याला लागून ठेवला. "इथून आवाज चांगला लागतो."

दंतवैद्यांनी एकच तार छेडली. काही खटपट न करता सूर उठला, खोलीभर पसरला आणि कितीतरी वेळ गेलाच नाही. आपल्या हातून असलं काही निघू शकतं यावर त्यांचा विश्वास बसेना. डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्यांनी मान खाली घातली.

"एखादं गाणं वाजवा ना," बाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष दंतवैद्यांकडे नव्हतं, पडद्याकडे होतं.

दंतवैद्यांना गाणं एकच येत होतं, आणि तेही तिसऱ्या ओळीपर्यंत. तिसऱ्या ओळीत त्यांची करंगळी नेहमी चुकीच्या जागी पडायची. आजही पडली.

टक. टक.

लोखंडावर नख आपटावं तसा आवाज. ते थांबले. आवाजही थांबला.

"आत कोणी आहे का?"

"तुम्ही थांबू नका," बाई म्हणाल्या.  "पुन्हा वाजवा. तसंच."

त्यांनी पुन्हा वाजवलं. पुन्हा करंगळी घसरली आणि पुन्हा टक टक झालं. मग त्यांनी जपून, एकेक बोट बघत तीच ओळ बिनचूक काढली. या वेळी नुसता पंप घरघरत राहिला. बाईंचा चेहरा उतरला. एवढ्यानेही न पटून दंतवैद्यांनी मुद्दाम एक सूर चुकवला.

टक.

 दंतवैद्यांनी फोटोतल्या उगारलेल्या बोटाकडे पाहिलं आणि झटकन नजर काढून घेतली. भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतले ते नव्हते. पण जीव गेला तरी मास्तरकी सुटत नाही असा माणूस असू शकतो, हे त्यांना त्या क्षणी मनापासून पटलं. ते घाबरले होते, यात शंका नाही. आणि इतकी हवीशी वाटलेली वस्तू त्यांनी आयुष्यात दुसरी पाहिली नव्हती, हेही खरं होतं.

"मला हीच हवी आहे," ते म्हणाले. "तुम्ही म्हणाल ती किंमत."

बाईंनी गिटार त्यांच्या मांडीवरून हलकेच उचलून घेतली. "आज काही ठरत नाहीये माझं."

"माझं वाजवणं आवडलं नाही का?"

"छे हो. तुमच्याइतकं छान अजून कोणी वाजवलं नव्हतं."

दंतवैद्य ओशाळून हसले. थट्टा असेल तर ती बाईंच्या चेहऱ्यावर कुठेच दिसत नव्हती.

"पुन्हा या," दारापर्यंत सोडायला येत बाई म्हणाल्या. "फक्त घरी सराव करू नका. असेच या."

जिना उतरताना दंतवैद्यांनी मागे वळून पाहिलं नाही. रस्त्यावरच्या उन्हात आल्यावर त्यांना हायसं वाटलं, आणि लगेच चुकल्या-चुकल्यासारखंही झालं. गिटार हातची गेली याचं त्यांना वाईट वाटत होतंच, पण असा मास्तर आपल्याला भेटला नाही याचं जास्त वाटत होतं.

बाईंनी दार लावलं आणि पडदा सारून त्या आत गेल्या. लोखंडी खाटेवर, पंप लावलेल्या हवेच्या गादीवर मुलगा छताकडे बघत पडला होता. अपघातापासून तो असाच होता. हाक मारली तरी पापणी हलत नव्हती. त्याचे विद्यार्थी सुरुवातीला यायचे, पण ते रडवेले होऊन इतकं जपून वाजवायचे की एकही सूर चुकायचा नाही. पुढे तेही बंद झाले. बघायला येणारे यायचे थांबतात, विकत घ्यायला येणारे थांबत नाहीत. खाटेच्या कठड्यावर त्याच्या उजव्या हाताचं बोट आता निपचित पडलं होतं. बाईंनी ते मुठीत धरलं, अजून ऊब होती. मग त्या त्याच्या कानाशी वाकल्या.

"उद्या आणखी एक जण येणार आहे रे," त्या म्हणाल्या. "त्याला तर म्हणे काहीच वाजवता येत नाही."